कोरडा आहे, मिस्त्री

“रांगोळीवर पडलंय बापू, रांगोळीवर! सणाच्या दिवशी!”

हेरवाडे सर गाडीतनं उतरले ते ओरडतच. दसऱ्याचा दिवस, सकाळचे अकरा वाजलेले. आम्ही सगळे गॅरेजच्या दारात धुतलेले शर्ट घालून उभे होतो. सरांच्या कपाळावर कुंकू, अंगात झब्बा आणि झब्ब्याच्या बाहीला काळं तेल.

“झालं काय ते तर सांगा,” बापू म्हणाले. बापू मगदूम म्हणजे आमचे मालक.

“काय सांगू? परवा तुमच्याकडनं सर्व्हिसिंग करून गाडी नेली. आज पहाटे वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन आलो आणि पूजेसाठी गाडी दारात लावली. बायकोनं दोन तास बसून रांगोळी काढलेली. मी हार आणायला आत गेलो, बाहेर येतो तर रांगोळीच्या मधोमध काळं डबकं! बायको रडायला लागली हो. म्हणते, पहिल्याच दसऱ्याला गाडीनं अपशकून केला.”

गाडी जुनी होती, डिझेलची, सरांनी मे महिन्यात दुसऱ्या हातानं घेतलेली. पण त्यांच्या घरातली ती पहिलीच गाडी.

बापूंनी आधी माझ्याकडं बघितलं आणि मग पांचाळ मिस्त्रींकडं. त्या बघण्याचा अर्थ गॅरेजात सगळ्यांना कळला. अष्टमीला ती गाडी आली तेव्हा तिच्यावर दोघांचेच हात पडले होते. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, टॅपेट कव्हर, त्याचं तेल अडवणारं पॅकिंग मिस्त्रींनी नवीन बसवलं होतं. आणि खाली ऑइल आणि ऑइल फिल्टर मी बदलला होता. म्हणजे तेल गळत असेल तर चूक एक तर त्यांची किंवा माझी.

ही गोष्ट शहाण्णव सालची, जयसिंगपूरची. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. यशवंत पांचाळ बासष्टचे. मला पाना कसा धरायचा हे त्यांनीच शिकवलं. माणूस हाताचा असा सच्चा, की नट आवळताना डोळे मिटायचा आणि “बास, आता बसला” म्हणायचा. तो नट पुन्हा कधी ढिला व्हायचा नाही. पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. बापू दोन-तीनदा म्हणाले होते, “मिस्त्री, आता खुर्ची टाकून बसा की, नुसतं सांगत जावा.” मिस्त्री हसून म्हणायचे, “बापू, डोळे गेलेत, हात कुठं गेलाय?”

आणि माझं म्हणाल तर त्या दिवशी संध्याकाळी सोनं वाटताना बापू मला कोल्हापूर नाक्यावरच्या नव्या शेडची किल्ली देणार होते. नवीन शेड, तीन माणसं हाताखाली आणि मी हेडमिस्त्री. माझ्या बायकोनं तर माहेरी कळवूनसुद्धा टाकलं होतं.

“मग बघा की लगेच. पाना घ्या, खोला,” सर म्हणाले.

बापूंनी कानाला हात लावला. “सर, हत्यारं पूजेत आहेत ओ.”

आमच्याकडं असं होतं. अष्टमीला संध्याकाळी सगळी हत्यारं डिझेलमध्ये धुऊन, पुसून ठेवायची, खंडेनवमीला सकाळी पाटावर मांडायची आणि मग दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत कुणी उचलायची नाहीत. आतल्या बाजूला पाने, पक्कड, हातोड्या, जॅक, सगळं झेंडूच्या फुलांत बसलं होतं. त्यामुळं अष्टमीला दुपारी आमची नुसती पळापळ असते. सणाला गाडी सर्व्हिस केलेली पाहिजे म्हणून सगळं गाव त्याच दिवशी येतं, आणि इकडं सूर्य मावळायच्या आत हत्यारं खाली ठेवायची. त्या दुपारी मी एकट्यानं अकरा गाड्यांचं ऑइल बदललं होतं.

“हत्यार कशाला पाहिजे?” मिस्त्री पुढं आले. “गळती शोधायला डोळे आणि बोटं लागतात. खोलायचं ते उद्या खोलू. पण कुठनं गळतंय ते आत्ताच सांगतो. सर, तुम्ही बसा. चहा घ्या. वहिनींचं मन शांत झालं पाहिजे, काय?”

गाडी आत, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि बॉनेट उघडलं. पंख्याच्या वाऱ्यानं तेल उडून सगळं इंजिन काळं झालं होतं. वरनं आलंय का खालनं, काही कळायला मार्ग नव्हता.

“भरमा,” मिस्त्री मला म्हणाले, “आधी अंघोळ घाल तिला.”

मी शर्ट काढून बनियनवर आलो. डिझेल आणि ब्रश घेतला. ब्रश तेवढा पूजेत नव्हता. सगळं इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. तोवर मिस्त्री शेजारच्या पंक्चरवाल्याकडं जाऊन पांढऱ्या पावडरचा डबा घेऊन आले, ट्यूबला लावतात ती. फडक्यात मूठभर पावडर घेऊन त्यांनी ती इंजिनावर झटकली. वर, बाजूला, खाली. बघता बघता इंजिन सगळं पांढरं झालं.

“आता चालू करायचं,” ते सरांना समजावून सांगत होते. मिस्त्रींना समजावून सांगायला फार आवडायचं. “तेल जिथनं निघेल तिथं पावडर भिजणार. पण थेंब दिसतो तिथं बघायचं नाही, सर. थेंब ओघळून कुठंही जातो. ओल सगळ्यात वर जिथं आहे, गळती तिथं. भरमा, खड्ड्यात उतर. मला खालचं दिसत नाही. तुझे डोळे ते माझे डोळे. नीट बघ.”

मी हँडलॅम्प घेऊन खड्ड्यात उतरलो. बापूंनी गाडी चालू केली.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. वरचं पॅकिंग मला खालून तिरकं दिसत होतं. त्याची कड पांढरी स्वच्छ होती. इंजिन तापलं, बापूंनी जरा रेस दिली. आणि माझ्या डोळ्यांसमोर फिल्टरच्या गळ्यापाशी पावडर राखाडी झाली, मग काळी झाली. नखाएवढी कोर भिजली, मग अर्धा गोल. तिथनं एक थेंब सुटला आणि माझ्या मनगटावर पडला. गरम होता.

मी फिल्टरला हात लावला आणि नुसता बोटांनी फिरवून बघितला. तो हलला. तेव्हाच मला समजलं. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनाला चिकटून राहते. ती काढून, पुसून मग नवीन फिल्टर लावायचा असतो. घाईत बघितलं नाही तर रिंगवर रिंग बसते. उभ्या गाडीत काही कळत नाही. गाडी पळायला लागली की तेलाचा जोर येतो आणि दोन रिंगांमधनं तेल बाहेर पडतं. म्हणजे अष्टमीला, अकरा गाड्यांच्या त्या घाईत, मी न बघता फिल्टर लावला होता.

“काय दिसतंय?” मिस्त्रींनी वरून विचारलं.

“थांबा जरा.”

“ड्रेनचा बोल्ट?”

“कोरडा.”

“फिल्टर?”

सर शेजारीच उभे होते, त्यांच्या चपला मला दिसत होत्या. बापू इंजिन बंद करून उतरले, त्यांचे बूटही दिसायला लागले. एकदम शांत झालं.

“कोरडा आहे, मिस्त्री,” मी म्हणालो.

आजपर्यंत मी स्वतःला पुष्कळ सबबी सांगितल्यात. तोंडातनं निघून गेलं म्हणावं, घाबरलो म्हणावं. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो नव्हतो. मला किल्ली पाहिजे होती, एवढंच.

“मग वरचं,” मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. “ये वर. पॅकिंगची कड बघू.”

मी वर आलो. मिस्त्री बॉनेटखाली वाकले होते, नाक कव्हरला टेकेल इतके जवळ. “मागची बाजू मला नीट दिसत नाही रे. पांढरं आहे का काळं?”

“थांबा, बघतो,” म्हणून मी कव्हरच्या मागच्या कडेवरनं बोट फिरवलं. बोटाला फिल्टरचं तेल होतंच. पावडरीवर काळी रेघ उठली. “इथं ओलं लागतंय, मिस्त्री. तुम्ही बघा.”

त्यांनी हात घातला. बोट सावकाश फिरवलं, अगदी माझ्या रेघेवरनं. मग बोट बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं, नाकाला लावलं. तेल होतं ते. तेलाला कुणाच्या बोटाचा वास थोडाच येतो?

त्यांनी बोट फडक्याला पुसलं.

“माझंच आहे,” ते म्हणाले. “पॅकिंग माझं आहे.”

“मिस्त्री, अहो वय झालं की माणसानं थांबावं,” सर म्हणाले. चिडून नाही, समजावल्यासारखं. ते तर जास्तच लागलं असणार.

मिस्त्रींनी सरांपुढं हात जोडले. सर चाळिशीचेसुद्धा नव्हते. “वहिनींना सांगा, अपशकून-बिपशकून काही नाही. म्हाताऱ्याचा हात चुकला म्हणावं. गाडी ठेवून जावा, उद्या भरमा करून देईल.”

“तुम्ही असं काय करताय, मिस्त्री,” बापू म्हणाले.

आणि मी? ‘खालचं पुसून घेतो’ म्हणून मी परत खड्ड्यात उतरलो. फिल्टर हातानं फिरवला आणि काढला. दोन रिंगा. जुनी इंजिनाला चिकटलेली, चपटी. ती नखानं काढली, खिशात टाकली, फिल्टर परत हातानंच आवळला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. हत्याराला हातसुद्धा लावावा लागला नाही. माझी चूक काढायला देवानं वाट मोकळी ठेवली होती. फक्त मिस्त्रींचं खरं दाखवायला पाना लागला असता, आणि पाने फुलांत बसले होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात कुणी यायच्या आत मी कव्हर उघडलं. त्यांचं पॅकिंग कडेनं कडेनं सरळ बसलेलं, पापडासारखं कोरडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन त्या माणसानं ते बसवलं होतं. मी ते उचकटून काढलं आणि चहाच्या शेगडीत घातलं.

पण त्याआधी दसऱ्याची संध्याकाळ झाली. बापूंनी सोनं वाटलं, मला किल्ली दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मिस्त्रींच्या पाया पडलो. त्यांनी आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि पाटावरची त्यांची पेटी उचलून माझ्यापुढं ठेवली. तीस वर्षांची पेटी. आतले पाने त्यांच्या मुठीच्या आकाराचे झालेले.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “नव्या शेडला लागतील. माझं आता काय खरं नाही. डोळे गेले तेव्हा म्हटलं हात तरी आहे. आता हातावर भरवसा ठेवून कुणाचं इंजिन बसवायचं नाही मला.”

“असं नका म्हणू, मिस्त्री.”

“अरे, वेळेवर कळलं ते बरं झालं. तुझ्यामुळं कळलं.”

आणि मी ती पेटी घेतली. घेतली हो! दोन्ही हातांनी उचलली आणि स्कूटरच्या मागं बांधून घरी नेली.

शेड चांगली चालली. मिस्त्री घरीच बसले. रेल्वे गेटच्या पलीकडं त्यांच्या दोन खोल्या. मूलबाळ नाही, ते आणि इंदूकाकू. दर दसऱ्याला मी सोनं द्यायला जायचो. जाताना ती चपटी रिंग शर्टाच्या खिशात घालायचो. आज सांगायचंच, असं ठरवून निघायचो. काकू चिवडा द्यायच्या, मिस्त्री शेडची चौकशी करायचे आणि मी रिंग तशीच खिशातनं परत आणायचो. सहा दसरे असेच गेले.

सातव्या वर्षी गेलो तर काकू स्वयंपाकघरात कुकरशी झटत होत्या. कुकर फुसफुसत होता, कडेनं पाणी येत होतं, शिट्टी काही होत नव्हती.

“बरं झालं आलास बाबा,” काकू म्हणाल्या. “ह्याची रिंग ढिली पडलीय. नवीन आणून ठेवलीय दोन दिवस झाले. पण मला काही ती बसत नाही.”

मी मिस्त्रींकडं बघितलं. ते खाटेवर बसून पेपर वाचत होते. डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं होऊन चार वर्षं झाली होती. बारीक अक्षर वाचत होते.

“मिस्त्री, तुम्ही नाही होय बसवली?”

“तूच बघ रे,” पेपरातनं डोकं वर न काढता ते म्हणाले. “माझ्या हाताचा भरवसा नाही.”

“कुकरची रिंग, मिस्त्री!”

“त्यांना नको सांगूस,” काकू म्हणाल्या. “डोळे लख्ख झालेत. डॉक्टर म्हणाले, सुईत दोरा ओवाल. पण हात लावतील तर शपथ. नळ गळला, बोलवा प्लंबर. पंखा वाजतो, बोलवा वायरमन. सायकलची चेन पडली की ढकलत आणायचे, शेवटी सायकलच विकून टाकली. गावाची इंजिनं उघडणारा माणूस! मी म्हणते असं झालं तरी काय? म्हणतात, माझ्यामुळं एका बाईची रांगोळी काळी झाली.”

मी कुकरचं झाकण हातात धरून उभा होतो. सात वर्षं मी समजत होतो, की मी म्हाताऱ्याची नोकरी घालवली. आज ना उद्या तो घरी बसणारच होता, असं म्हणून रात्रीची झोपही येत होती. घालवलं काय होतं ते मला त्या स्वयंपाकघरात कळलं. झाकण खाली ठेवलं, खिशातली रिंग काढली आणि मिस्त्रींच्या पेपरावर ठेवली.

त्यांनी चष्मा सारखा केला. रिंग उचलली, अंगठ्यानं दाबली, उलटी करून बघितली.

“ही कुकरची नव्हे. ऑइल फिल्टरची आहे. चपटी झालीय.” मग बारकाईनं बघून, “हिच्यावर दुसरी बसली होती. कुणाची?”

“हेरवाडे सरांच्या गाडीची.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“फिल्टर कोरडा नव्हता, मिस्त्री. मी खोटं बोललो. तुम्ही बोट फिरवलं तिथलं तेल माझ्या बोटाचं होतं.”

“आणि माझं पॅकिंग?”

“कोरडं होतं. मी दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं. एवढासा डागसुद्धा नव्हता.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी ओरडलं नाही. मिस्त्री ओरडले असते, एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी रिंग पेपरावर ठेवली आणि स्वतःचे हात पुढं धरून बघत बसले, आधी पालथे, मग उताणे.

“सात वर्षं,” एवढंच म्हणाले.

माझ्या हातात आपट्याचं पान होतं. मी ते पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कुकरचं झाकण उचललं. मी मदतीला सरकलो तर म्हणाले, “ठेव ते. माझ्या घरातलं आहे.” रिंग बसवायला घेतली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, अंगठा कडेनं फिरवत नेला आणि रिंग बसली.

“माझी पेटी आण,” माझ्याकडं पाठ करून ते म्हणाले.

“आत्ता आणतो.”

“आत्ता नको. आज हत्यारं पूजेत असतील. उद्या आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन गेलो. जाताना बापूंकडं जाऊन त्यांना सगळं सांगितलं. बापू नुसते “अरेरे” म्हणाले. हेरवाडे सरांच्या फाटकापर्यंतही गेलो होतो, पण वहिनी अंगण झाडत होत्या आणि मी तसाच पुढं गेलो. ते अजून राहिलंय.

मिस्त्री उंबऱ्यावर बसले होते. “ठेव तिथं,” म्हणाले. पेटी उघडून एकेक पाना बाहेर काढून फडक्यानं पुसायला लागले. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि वळलो.

“भरमा.”

मी थांबलो.

“रिंगवर रिंग बसते रे कधी कधी. घाई असली की बसते. माझ्याकडनं तीनदा झालंय तसं. त्या दिवशी खड्ड्यातनं नुसतं म्हणाला असतास ना, मिस्त्री, डबल बसलीय, तर मी हसलो असतो. बापूही हसले असते. किल्ली तुलाच मिळणार होती, मीच त्यांना तुझं नाव सांगितलं होतं.”

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही, पुढचा पाना पुसायला घेतला.

त्यानंतर ते पाच वर्षं होते. गल्लीतल्या शेगड्या, सायकली, शिलाई मशिनी उंबऱ्यावर बसून दुरुस्त करायचे. मी दसऱ्याला जायचो, काकूंच्या हातात सोनं देऊन यायचो. ते आत असायचे. मी कधी आत गेलो नाही आणि त्यांनी कधी बोलावलं नाही.

आमच्या शेडमध्ये अजूनही खंडेनवमीला हत्यारं मांडतात. पाटाच्या उजव्या कोपऱ्यात मी एका पेटीची जागा मोकळी ठेवतो. कामाला नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, इथं काय मांडायचं. मी सांगतो, इथं काही मांडायचं नाही, इथं नुसतं फूल ठेवा.